रजेचा अर्ज आणि झाशीचे हीरो

मागच्या भागात आपण नारोशंकरांबद्दल बोललो होतो. नाशिकला गोदाकाठी ज्यांचं देऊळ आहे आणि ज्यांच्या घंटेवरून मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो, तेच नारोशंकर १७४२ साली झाशीचे सुभेदार झाले आणि त्यांनी तिथला किल्ला वाढवला. त्या भागानंतर अनेकांनी विचारलं की झाशीला जाऊन आलात तर ओरछा गेट पाहिलं का?

पाहिलं. आजचा भाग तिथूनच सुरू करतो.

झाशीच्या जुन्या तटाला जे दरवाजे होते, त्यांतला एक खंडेराव गेट, एक दतिया गेट, एक सागर गेट, आणि एक हा ओरछा गेट. ज्या गावाकडे वाट जाते त्या गावाचं नाव दरवाज्याला. आपल्याकडेही हीच पद्धत आहे. पण मला तिथे सगळ्यात आवडली ती पत्ता लिहायची रीत. लोक पत्ता लिहितात ‘अंदर ओरछा गेट’ किंवा ‘बाहर ओरछा गेट’. तट बराचसा गेला, राज्य गेलं, दरवाजा बंद करणारा पहारेकरी गेला. पण आतले कोण आणि बाहेरचे कोण, हे पाकिटावर अजून लिहिलं जातं.

या दरवाज्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असते ती १८५८ ची. ह्यू रोजचा वेढा, ३ एप्रिलचा हल्ला, आणि दुल्हाजू नावाच्या माणसाने फितुरीने ओरछा दरवाजा उघडून दिल्याची कथा. ती कथा झाशीत आजही सांगतात. इंग्रजांच्या वृत्तांतात मात्र तटाला पाडलेलं खिंडार आणि तटाला लावलेल्या शिड्या यांचंच वर्णन येतं. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी त्या वेळी शहरातच होते आणि त्यांनी पाहिलेलं ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवलं. त्यावर आपण स्वतंत्र भाग करू.

आज मला याच शहरातली दुसरी एक गोष्ट सांगायची आहे. हीही आत कोण आणि बाहेर कोण याचीच गोष्ट आहे. पण ती हॉकीची आहे.

आधी थोडं स्वतःबद्दल बोलतो, कारण विषय तिथूनच सुचला. कॉलेजात मी फुटबॉल संघात राखीव खेळाडू होतो. राखीव म्हणजे पाण्याच्या बाटल्या सांभाळणारा. दर वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या की सूचनाफलकावर यादी लागायची. त्या यादीभोवती तीन प्रश्न फिरायचे. यंदा आपण कुठपर्यंत जाऊ? उत्कृष्ट खेळाडूचं बक्षीस कुणाला? आणि शेवटच्या वर्षाची पोरं निघून गेली की पुढच्या वर्षी संघाचं काय? जगातल्या कुठल्याही खेळात, कुठल्याही हंगामाच्या शेवटी हेच तीन प्रश्न असतात. चौथा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. यादीत नाव असूनही जो येऊ शकला नाही, तो का नाही आला? कुणाची फी राहिली होती, कुणाला दुकानावर बसायचं होतं, कुणाला घरून परवानगी नव्हती. झाशीच्या गोष्टीत हा चौथा प्रश्नच सगळ्यात मोठा आहे. तिथे त्याचं नाव आहे ‘रजा’.

ध्यानचंद यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, अलाहाबादचा. वडील फौजेत. फौजेच्या माणसाचं घर बदल्यांबरोबर फिरतं, तसं हे घर फिरत फिरत झाशीला स्थिरावलं. शाळा फार झाली नाही. लहानपणी ओढ होती ती कुस्तीची, हॉकीची नव्हे. १९२२ साली ते ब्राह्मण पलटणीत साधे शिपाई म्हणून भरती झाले, आणि तिथे सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी त्यांच्या हातात हॉकीची काठी दिली. म्हणजे काय झालं बघा. ज्या पलटणीने खेळ शिकवला, तीच पलटण पुढे खेळायला सोडायचं की नाही हे ठरवणार होती.

१९२६ मध्ये भारतीय सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामने झाले, १८ जिंकले, २ बरोबरीत सुटले आणि एकच हरला. परत आल्यावर शिपाई ध्यानचंद लान्स नाईक झाले. दौऱ्यात गोलांचा पाऊस पाडल्याबद्दल मिळालेलं बक्षीस म्हणजे बाहीवरची एक फीत.

मग आलं १९२८. अॅमस्टरडॅम ऑलिंपिकला भारत पहिल्यांदाच हॉकीचा संघ पाठवणार होता. खेळाडू निवडायचे कसे? त्यासाठी कलकत्त्याला आंतरप्रांतीय स्पर्धा भरवली. पाच प्रांत आले: संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत. या यादीत मुंबई नाही हे लक्षात ठेवा. ध्यानचंद यांना रजा मिळाली, ते संयुक्त प्रांताकडून खेळले आणि त्यांचाच प्रांत जिंकला. त्यातून ऑलिंपिकचा संघ उभा राहिला.

हा संघ बोटीत बसण्यासाठी मुंबईला आला. जाण्याआधी मुंबईच्या संघाशी एक सामना ठेवला होता. आणि ज्या मुंबईला निवड स्पर्धेत जागाच नव्हती, त्या मुंबईने ऑलिंपिकच्या संघाला ३-२ असं हरवलं! आता कल्पना करा त्या दिवशीच्या चर्चेची. हे जाऊन काय दिवे लावणार, असंच लोक म्हणाले असतील. १० मार्च १९२८ ला बोट सुटली तेव्हा धक्क्यावर निरोप द्यायला तीन माणसं होती. दोन हॉकी संघटनेचे पदाधिकारी आणि एक पत्रकार.

कप्तान जयपालसिंह तर त्या बोटीत नव्हतेच. रांचीकडचा हा आदिवासी मुलगा तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ऑक्सफर्डला कॉलेजात शिकला, विद्यापीठाकडून हॉकी खेळला, आणि आता आयसीएसचा उमेदवार म्हणून प्रशिक्षण घेत होता. पण ऑलिंपिकसाठी त्यांना रजा मिळाली नाही. सरकारी नोकरीची सगळ्यात उंच शिडी एका बाजूला, आणि काही आठवड्यांची हॉकी दुसऱ्या बाजूला. ते रजेशिवाय गेले. पुढे आयसीएस सुटलीच. त्यातही दैव असं की संघात वाद झाले आणि अंतिम सामन्याला जयपालसिंह मैदानात नव्हते. नेतृत्व ब्रूम पिनिगर यांनी केलं. काही खेळाडू आजारी होते. अशा अर्ध्यामुर्ध्या संघाने २६ मे रोजी हॉलंडला त्यांच्याच देशात ३-० ने हरवलं. पाच सामन्यांत २९ गोल केले, आणि अंगावर एकही घेतला नाही. गोलरक्षक होते रिचर्ड अॅलन. त्यांचा जन्म आपल्या नागपूरचा. एकट्या ध्यानचंद यांचे १४ गोल. परत आल्यावर मुंबईच्या धक्क्यावर तीन माणसं नव्हती, गर्दी होती.

हंगामाआधी लोक जे भाकीत करतात त्याला किती महत्त्व द्यायचं, हे तुम्हीच ठरवा.

आता १९३२, लॉस एंजेलिस. पुन्हा आंतरप्रांतीय स्पर्धा, पुन्हा निवड. आणि या वेळी पलटणीने ध्यानचंद यांना त्या स्पर्धेसाठी रजा दिली नाही! ऑलिंपिकमध्ये सर्वाधिक गोल करणारा माणूस निवड चाचणीला येऊ शकला नाही, कारण साहेबाने अर्ज नामंजूर केला. हॉकी संघटनेने नियमाला मुरड घातली आणि न खेळताच त्यांना संघात घेतलं. धाकटे भाऊ रूपसिंह मात्र रीतसर चाचणी खेळून आले.

इथे मला थांबावंसं वाटतं. ध्यानचंद यांच्यासाठी नियम वाकवला ते बरंच झालं, त्याबद्दल कुणाचं दुमत असणार नाही. पण त्याच वर्षी कुठल्या तरी छावणीत, कुठल्या तरी रेल्वेच्या कचेरीत आणखी एखाद्या मुलाचा रजेचा अर्ज नामंजूर झाला असेल, आणि त्याचं नाव माहीत नसल्यामुळे त्याच्यासाठी नियम वाकला नसेल. त्याच्यावर भाग करायला माझ्याकडे काहीच सामग्री नाही. इतिहासाची ही अडचण असते. आत आलेल्यांची यादी मिळते, बाहेर राहिलेल्यांची मिळत नाही.

लॉस एंजेलिसला हॉकीचे संघ फक्त तीन आले होते. भारताने जपानला ११-१ आणि अमेरिकेला २४-१ हरवलं. दोन सामन्यांत ३५ गोल, आणि त्यातले २५ या दोन भावांचे. रूपसिंहांचे १३, ध्यानचंदांचे १२. म्हणजे थोरल्याला धाकट्याने मागे टाकलं. अमेरिकेविरुद्ध एकट्या रूपसिंहांनी १० गोल मारले. पुढे रूपसिंह ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत राहिले. तिथल्या मैदानाला त्यांचं नाव आहे. सचिन तेंडुलकरने २४ फेब्रुवारी २०१० ला एकदिवसीय सामन्यात २०० धावा केल्या त्या कॅप्टन रूपसिंह स्टेडियमवर. ती खेळी आपण सगळ्यांनी पाहिली, मैदानाचं नाव शंभर वेळा ऐकलं. रूपसिंह कोण होते, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारलं?

आता गोष्टीच्या मधोमध येतो, म्हणजे झाशीला.

‘झाशी हीरोज’ हा या गावातला क्लब. कलकत्त्याची बेटन कप स्पर्धा १८९५ पासून चाललेली, तेव्हाच्या हॉकीत तिचा मान फार मोठा. १९३३ साली झाशी हीरोज ही स्पर्धा खेळायला गेले. समोर अंतिम सामन्याला कलकत्ता कस्टम्स, घरच्या मैदानावरचा नाणावलेला संघ. झाशीकडून ध्यानचंद आणि रूपसिंह होते. कस्टम्सने दडपण आणलं, झाशीचा गोल वाचत राहिला. मग ध्यानचंद यांनी मधून एक लांब पास काढून दिला, इस्माईल तो घेऊन धावला आणि त्याने गोल केला. तेवढा एकच गोल. झाशी हीरोज बेटन कप घेऊन घरी आले.

ध्यानचंद यांचं आत्मचरित्र ‘गोल’ १९५२ साली प्रसिद्ध झालं. त्यात ते आपला सगळ्यात चांगला सामना म्हणून बर्लिनचा अंतिम सामना सांगत नाहीत, लॉस एंजेलिस सांगत नाहीत. ते सांगतात १९३३ चा बेटन कपचा अंतिम सामना. ज्यात गोल त्यांनी स्वतः केला नव्हता, इस्माईलने केला होता.

मला वाटतं यामागे एक साधं कारण असावं. देशाच्या संघात जायला रजा लागते, निवड लागते, प्रांत लागतो, साहेबाची सही लागते. गावाच्या संघात माणूस आतलाच असतो. हा माझा अंदाज आहे, त्यांनी तसं म्हटलेलं नाही. पण ओरछा गेटपाशी ते पत्ते वाचताना मला हेच सुचत होतं.

१९३६ ला ध्यानचंद कप्तान झाले. आणि गंमत बघा, पुन्हा तेच. निघण्याआधी दिल्लीत स्थानिक संघाने त्यांना हरवलं. बर्लिनला पोचल्यावर सराव सामन्यात जर्मनीने ४-१ असं हरवलं. आता कप्तानाला झोप लागेना. खेळाडू कमी पडतोय हे कळलं होतं. हिंदुस्थानात तार गेली आणि फौजेतल्या अली दारा यांना बोलावलं. ते उपान्त्य सामन्याला कसेबसे पोचले. स्पर्धा अर्धी झाली असताना संघ बदलला! १४ ऑगस्टला पावसाने अंतिम सामना पुढे गेला. १५ ऑगस्टला भारताने जर्मनीला ८-१ हरवलं. त्या सामन्याआधी खोलीत संघाचे अधिकारी पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा काढला आणि खेळाडूंनी त्याला वंदन केलं. मैदानावर झेंडा होता तो ब्रिटिश अमलाचा. ११ वर्षांनी तीच तारीख आपल्या वाट्याला वेगळ्या कारणाने आली.

त्या अंतिम सामन्यात हाफला खेळलेले बाबू निमल हे आपल्या पुण्याच्या खडकीचे. खडकीची हॉकी म्हटलं की आपल्याला धनराज पिल्ले आठवतात, आणि ते बरोबरच आहे. पण खडकीतून ऑलिंपिकच्या सुवर्णपदकापर्यंतची वाट त्याआधी कितीतरी वर्षं मळलेली होती.

आता जरा हिशेब मांडू. तीन ऑलिंपिकांत भारताचे एकूण गोल १०२, अंगावर घेतलेले ३. वाचून वाटतं, एकच संघ आठ वर्षं जिंकत होता. तसं नाही. १९२८ च्या संघातले चारच जण १९३२ ला होते: ध्यानचंद, अॅलन, पिनिगर आणि हॅमंड. १९३२ चे पाच जण १९३६ ला होते: ध्यानचंद, रूपसिंह, अॅलन, टॅपसेल आणि जाफर. तिन्ही वेळा असलेले दोघेच, झाशीचे ध्यानचंद आणि नागपुरात जन्मलेले अॅलन. बाकी संघ दर चार वर्षांनी बदलत गेला. माणसं बदलली, खेळ राहिला. म्हणजे कुठेतरी छावण्यांत, रेल्वेच्या मैदानांवर, गावच्या क्लबांत मुलं तयार होत होती. झाशी हीरोजसारखे क्लब म्हणजे त्या विहिरीचे झरे होते.

मग युद्ध आलं. १९४० आणि १९४४ ची ऑलिंपिकं झालीच नाहीत. त्यानंतर जे आलं त्याला संघबदल म्हणायलाही जीभ अडखळते. फाळणी. बर्लिनला तार करून बोलावलेले अली दारा १९४८ ला लंडनमध्ये पाकिस्तानचे कप्तान होते. १९३२ चे आपले कप्तान लाल शाह बुखारी पाकिस्तानचे राजदूत झाले. अख्तर हुसेन आणि लतीफुर रहमान १९४८ ला भारताकडून सुवर्णपदक जिंकले, आणि १९५६ ला पाकिस्तानकडून रौप्य. १९४८ च्या भारतीय संघात युद्धाआधीच्या ऑलिंपिक संघातलं एकही नाव नाही. तरीही लंडनमध्ये १२ ऑगस्टला त्याच नव्या संघाने ब्रिटनला ४-० हरवलं. त्या संघात मुंबईकडून खेळणारे लिओ पिंटो, मॅक्सी वाझ, वॉल्टर डिसूझा होते. १९२८ ला ज्या मुंबईला निवड स्पर्धेत जागा नव्हती, तीच ही मुंबई.

आता बक्षिसांकडे येऊ. ध्यानचंद १९५६ साली मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. १९७५ च्या विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करणारे अशोककुमार त्यांचे चिरंजीव. वडिलांनी तो विजय पाहिला. ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीत ध्यानचंद गेले, आणि अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, हीरोजच्या मैदानावर. त्यांचा वाढदिवस आज राष्ट्रीय क्रीडा दिन आहे. २००२ पासून त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, २०२१ साली खेलरत्नला त्यांचं नाव दिलं गेलं. सचिनला भारतरत्न मिळालं तेव्हापासून ध्यानचंद यांना का नाही, हा प्रश्न दर ऑगस्टमध्ये निघतो.

मी त्या वादात फार रमत नाही, कारण पुरस्कार हा प्रवास संपल्यावर मिळतो. खरी मदत लागते ती दरवाज्यापाशी. आपल्या खाशाबा जाधवांचं उदाहरण घ्या. १९५२ च्या हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या गहाणखतातून आलं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दोन्हींत मोठं काय, ते गहाणखत की तो पुरस्कार? माझं उत्तर तुम्हाला कळलं असेल.

शेवटी, सांगायचं एवढंच. झाशीला गेलात तर किल्ला बघाच, राणीमहाल बघा, टेकडीवरचा ध्यानचंदांचा पुतळाही बघा. पण ओरछा गेटखालून एकदा चालत जा. आणि तुमच्या गावात, तुमच्या कॉलेजात पुढच्या वेळी संघाची यादी लागेल, तेव्हा यंदा कप येणार का, उत्कृष्ट खेळाडू कोण, पुढच्या वर्षी कोण उरतंय, हे तीन प्रश्न जरूर विचारा. मग सूचनाफलकापासून जरा बाजूला येऊन चौथाही विचारा. ज्याचं नाव इथे असायला हवं होतं, त्याचा अर्ज कुणाच्या टेबलावर पडून आहे?

ते टेबल तुमचं असेल, तर आजच सही करून टाका.

पुढच्या भागात गोडसे भटजींबरोबर वेढ्यातल्या झाशीत जाऊ. तोवर नमस्कार.